गोळी उघडली का?

माझ्या भाचीची मुलगी पुण्याला संशोधन करते. गणपतीत घरी आली होती, तेव्हा मोदकावर तूप घेता घेता तिने मला तिचं काम समजावून सांगितलं. कर्करोगाच्या गाठीच्या आसपासचा भाग बाकीच्या शरीरापेक्षा किंचित आंबट असतो. म्हणून हे लोक औषधाचे अतिसूक्ष्म कण बनवतात आणि त्यांना असं वेष्टण चढवतात, की रक्तातून वाहताना ते बंद राहावेत आणि गाठीतल्या आंबटपणाशी गाठ पडली की उघडावेत. औषध गाठीला लागेल, बाकीचं शरीर वाचेल.

"आजी, कळतंय ना?" तिने मधेच थांबून विचारलं.

"कळतंय. तू सांग," मी म्हटलं.

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, तिला काय विचारतेस? जन्मभर तेच तर केलं तिने."

हे काही खरं नाही. मी केलं ते फार ओबडधोबड होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कलकत्त्याची आठवण झाली. म्हणून या अंकासाठी संपादकांनी नोकरीबद्दल लिहा म्हटल्यावर बढत्या, बदल्या आणि निरोपसमारंभ बाजूला ठेवून मी तेच लिहायला बसले आहे.

माझा जन्म कलकत्त्याचा. वडील रेल्वेत होते. बदली होऊन गार्डन रीचच्या कचेरीत आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि साठचं दशक संपता संपता बराकपूरच्या वाटेवरच्या एका औषधाच्या कारखान्यात मुलाखतीला गेले. तिथले मुख्य घोषबाबू, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "गोळीवर थर चढवण्याबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?"

पुस्तकी उत्तर आठवेना. मी म्हटलं, "आमच्याकडे संक्रांतीला हलवा करतात." मग मी त्यांना सांगितलं, की तीळ परातीत घेऊन मंद आचेवर ठेवायचे, त्यावर साखरेचा पाक थेंब थेंब टाकायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. एक थर वाळल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. जमलं तर प्रत्येक दाण्यावर काटा येतो.

घोषबाबूंनी चष्मा पुसला. "इथे बाकी सगळं तसंच आहे," ते म्हणाले, "फक्त काटा आला तर नोकरी जाईल."

आणि खरंच तसंच होतं. परातीच्या जागी तिरकी बसवलेली, मोटरीवर फिरणारी मोठी तांब्याची कढई. तिच्यात हजारो गोळ्या घरंगळत असायच्या. वरून पातळ लेप सोडायचा, गरम हवेने वाळवायचा, पुन्हा सोडायचा. साध्या गोळ्यांना साखरेचा लेप. पण काही औषधं अशी असतात की ती जठरात उघडली तर जठर भाजून काढतात, नाहीतर जठरातलं आम्लच त्यांचा निकाल लावतं. त्यांना लाखेचा लेप. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची, पार्सलांवरच्या मोहरांची. आमच्याकडे ती पुरुलियाहून यायची. लाखेचा गुण असा, की आंबटात ती विरघळत नाही. गोळी जठरातून जशीच्या तशी पुढे जाते आणि आतड्यात आंबटपणा संपला की लाख विरघळून गोळी उघडते. बंद राहायचं तिथे बंद, उघडायचं तिथे उघडं. सगळी विद्या एवढीच.

परीक्षा काचेच्या दोन भांड्यांत व्हायची. पहिल्यात आम्ल, म्हणजे आमचं खोटं जठर. दुसऱ्यात खोटं आतडं. पहिल्यात गोळी टिकली आणि दुसऱ्यात वेळेत विरघळली, की माल बाहेर. पहिली दोन वर्षं मी या भांड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

तो विश्वास घालवला बराकपूरच्या एका निवृत्त सुभेदारांनी. चक्रवर्ती त्यांचं नाव. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. एक दिवस कारखान्याच्या फाटकावर येऊन "साहेबांना भेटायचंय" म्हणाले. घोषबाबूंनी त्यांना माझ्याकडे धाडलं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, माझ्यापुढे उघडून ठेवली. आत आमची लाखेची एक गोळी होती.

"तुमचं औषध परत करायला आलोय," ते म्हणाले. "जसं घेतलं तसं. धुऊन आणलंय, काळजी नको."

मला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मी काडेपेटी हळूच बंद केली.

"कधीपासून घेताय?"

"महिना झाला. आणि आता पोट अगदी ठणठणीत आहे. मला पैसे नकोत, भांडायचंही नाही. मला फक्त एवढं सांगा, गोळी जर उघडलीच नाही, तर मी बरा कशाने झालो?"

कारखान्यात पुढे कित्येक दिवस हा किस्सा चालला. मीही हसले. पण ती गोळी मी भांड्यात टाकली तेव्हा खोट्या आतड्यातही ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. लाख म्हातारी होते. उकाड्यात, दमट हवेत, दुकानाच्या फळीवर पडून पडून ती आतल्या आत कडक होत जाते. बाहेरून मात्र तशीच चकचकीत. आम्ही लाखेचा जुना साठा वापरणं बंद केलं, गोळ्यांची मुदत कमी केली. पण त्या दिवसापासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोळीबद्दल माझ्या मनात एकच प्रश्न यायला लागला. ही उघडेल ना?

त्यानंतर वर्षभराने डॉ. सान्याल आमच्याकडे आले. दक्षिण कलकत्त्यातल्या एका रुग्णालयात ते कर्करोगाचे रुग्ण बघत. चाळिशीचे, किरकोळ, सतत काहीतरी विसरल्यासारखा चेहरा. त्यांच्या हातात तेव्हा एक नवं औषध होतं, तोंडाने घ्यायचं. गाठीतल्या पेशी मारायचं, पण वाटेत भेटेल त्यालाही भाजायचं. रुग्ण गोळी घेत आणि ओकून टाकत.

"मळमळ दोन प्रकारची असते," डॉक्टर घोषबाबूंना सांगत होते. "अर्धी जठर भाजल्यामुळे. अर्धी औषध रक्तात पोचल्यावर, ती डोक्यातून येते. दुसरीला माझ्याकडे उपाय नाही. पण पहिली तरी तुम्ही वाचवू शकाल का?"

घोषबाबूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझं आडनाव ऐकताच डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मराठी? मग माझं आणखी एक काम आहे."

ते काम म्हणजे वसुधाताई बर्वे. यजमान बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले. मुलगी नागपूरलाच आजोळी राहून शिकत होती. वसुधाताईंना पोटातल्या ग्रंथींचा कर्करोग होता आणि मानेवरही एक गाठ हाताला लागायची. त्यांना बंगाली येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तर बर्वेच द्यायचे. "ती ठीक आहे, डॉक्टर. गोळ्या वेळेवर घेते."

डॉक्टरांनी बर्व्यांना चहा प्यायला पाठवलं आणि मला त्यांच्या खाटेजवळ बसवलं. मराठी ऐकताच त्या बाईंनी माझा हात जो धरला तो सोडेनात.

"गोळ्या घेताय ना वसुधाताई?"

"घेते हो. आणि पाच मिनिटांत मोरीवर जाऊन काढते." त्यांनी दाराकडे बघितलं. "ह्यांना सांगू नका. रात्रभर जागतात बिचारे. आता अजून दुःख कशाला?"

मी ते डॉक्टरांना बंगालीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस ते ज्या मात्रेवर हिशेब करत होते, ती मात्रा मोरीतून वाहून जात होती.

गोळ्या आम्ही प्रयोगशाळेतल्या छोट्या कढईत केल्या. औषध विषारी, त्यामुळे नाकातोंडाला ओला रुमाल बांधून, बाकी सगळ्यांना बाहेर काढून. शहरात ते दिवस वाईट होते. कधी बंद, कधी बाँब, कधी गाड्याच नाहीत. बाबा संध्याकाळी गार्डन रीचच्या घराच्या गच्चीवर उभे राहून माझ्या बसची वाट बघत आणि मी दिसले की आत जाऊन पेपर वाचत असल्याचं सोंग करत. भांड्यांची परीक्षा गोळ्या पास झाल्या. रुग्णालयाच्या वरिष्ठांनी परवानगी दिली. आणि वसुधाताईंनी त्या घ्यायला सुरुवात केली.

पंधरवड्याने बर्वे मिठाईचा पुडा घेऊन थेट कारखान्यात हजर. चेहरा फुललेला.

"पाध्येबाई, काय जादू केलीत! एकही उलटी नाही. काल तिने स्वतः उठून पिठलं केलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. परवा आम्ही गरियाहाटला जाऊन लुगडं घेऊन आलो, चालत!"

सगळ्यांनी संदेश खाल्ला. माझं अभिनंदन केलं. मी हातातला तुकडा तसाच धरून उभी होते. एकही उलटी नाही. जठराची मळमळ थांबली, हे लाखेचं काम. पण दुसरी? ती जी डोक्यातून येते, जिला डॉक्टरांकडेही उपाय नाही, ती कुठे गेली? माझ्या डोळ्यांपुढे सुभेदारांची काडेपेटी आली.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. बर्व्यांचा तो चेहरा आठवला की वाटायचं, आपण उगाच शंका काढतोय. काहींना मळमळ होतच नाही. मग रात्री पुन्हा वाटायचं, नाही, काहीतरी चुकतंय. शेवटी रुग्णालय गाठलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या का?"

हे औषध पोचलं की त्या उतरतातच. डॉक्टरांनी मान हलवली. "नाही. उतरायला हव्या होत्या. मानेची गाठ वाढलेली नाही, कमीही नाही. मीही तोच विचार करतोय, मिस पाध्ये."

"मात्रा वाढवून बघायची?"

"आणि गोळी उघडत असली तर? मग बाईंचं शरीर मुळातच चिवट आहे, असं होईल. मी मात्रा वाढवली आणि औषध खरोखर पोचत असलं, तर तिसऱ्या आठवड्यात साध्या सर्दीने त्या दगावतील. नाही वाढवली आणि गोळी बंदच राहत असली, तर मी त्यांना रोज एक मणी गिळायला देतोय."

काचेची भांडी तर सांगत होती की गोळी उघडते. पण खोट्या आतड्यातलं पाणी आम्ही नियमाप्रमाणे बनवलेलं. खरं आतडं नियम वाचून चालत नाही. कुणाचं कमी, कुणाचं जास्त. आजारी माणसाचं तर काहीच सांगता येत नाही.

मग डॉक्टरांनीच तोड काढली. औषधाच्या जागी बेरियमची पूड घालून तशीच गोळी करायची. बेरियम क्ष-किरणांच्या फोटोत पांढरंशुभ्र दिसतं. गोळी बंद असली तर फोटोत दाणा दिसेल, उघडली तर पूड पसरलेली दिसेल. लाख तीच, थर तेवढाच. पहिली गोळी मी गिळली. माझ्या पोटात ती उघडली, पण बरीच उशिरा, आतड्याच्या पार शेवटाकडे. मग वसुधाताईंची पाळी.

त्या सकाळी बर्व्यांना कामावरून सुटता आलं नाही, त्यामुळे मी सोबत गेले. फोटो कशासाठी, ते मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवायचं नाही असं मी आणि डॉक्टरांनी ठरवलं होतं.

"म्हणजे गोळी उघडते की नाही, तेच माहीत नाही तुम्हाला?" वसुधाताईंनी विचारलं.

"काचेत उघडते. तुमच्या पोटातलं माहीत नाही."

"आणि मला बरं वाटतंय ते?"

मी बेरियमची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

पहिला फोटो, गोळी जठरात, पांढरा टपोरा दाणा. ठीक. दुसरा, ती आतड्यात उतरली होती, अजून दाणाच. तिसऱ्याची वेळ झाली आणि लोडशेडिंग आलं. रुग्णालयाचं जनित्र फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीपुरतं. यंत्र बंद, पंखे बंद. आम्ही तिघं खिडकीशी बाकावर बसलो. वीज कधी येईल कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गोळी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. मी सारखी खालच्या रस्त्याकडे बघत होते. समोरच्या दुकानाच्या पाटीवर दिवा लागला म्हणजे वीज आली.

डॉक्टरांना ती शांतता सोसवत नसावी. ते एकदम म्हणाले, "यांना सांगा, आपण उलटीकडून काम करतोय. खरं तर गाठ स्वतःच थोडी आंबट असते. तिच्या पेशी साखर अर्धवट जाळतात, त्यामुळे. आपली लाख आंबटात बंद राहते. मला याच्या उलट वस्तू हवी आहे. सगळीकडे बंद राहणारी आणि त्या आंबटपणात उघडणारी."

मी ते मराठीत सांगितलं. वसुधाताईंनी नकळत मानेवरच्या गाठीला हात लावला.

"आंबट? दह्यासारखी?"

"छे. इतकी किंचित, की जिभेला कळणारही नाही."

"मग ती वस्तू करत का नाही?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "कारण तोंडाने दिली तर ती जठरातच उघडेल. जठर गाठीपेक्षा कितीतरी आंबट. म्हणजे ती शिरेतून द्यायला हवी. आणि शिरेतून जाईल एवढा बारीक दाणा आज कुणाला वेष्टण घालून करता येत नाही."

वसुधाताईंनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वेळेला लाखच."

समोरच्या पाटीवर दिवा लागला तेव्हा दुपार कलली होती. फोटो काढला. ओली फिल्म डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरली. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. दाणा मोठ्या आतड्यात पोचला होता. टपोरा, गोल, एका बाजूलाही न झिजलेला.

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली. मला सांगायची गरज नव्हती. पण वसुधाताईंना सांगायचं होतं, आणि मराठी फक्त मला येत होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "वसुधाताई, गोळी उघडत नाहीये. औषध तुम्हाला मिळतच नव्हतं."

त्या बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तरीच. तरीच म्हटलं, मला इतकं बरं कसं वाटतंय."

कितीतरी वाईट क्षण नोकरीत बघितले, पण त्या वाक्यासारखं मला काही लागलं नाही. मला रडू येईल असं त्यांना दिसलं असावं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, पिठलं तरी खाल्लं. आता काय करायचं ते बोला."

काय करायचं ते मला माहीत होतं. परदेशातून येणारी एक पांढरी पूड होती, कापसापासून बनवलेली. तिचा लेप लाखेसारखाच आंबटात टिकतो, पण जठर संपता संपताच, आतड्याच्या सुरुवातीलाच विरघळतो. पण आयातीवर बंधनं. नवा माल मागवला तर खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये किती महिने पडून राहील, याचा नेम नव्हता. आमच्या कारखान्यात तिचा एकच डबा होता, दुसऱ्या एका औषधासाठी राखलेला, आणि तो घोषबाबूंच्या कुलपात.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत असताना चष्मा पुसत होते. मग उठले, कुलूप काढून डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ही पूड ॲसिटोनमध्ये विरघळवावी लागेल. एक ठिणगी पडली तर तुम्ही, मी आणि कढई, तिन्ही हुगळीत. काम फक्त दिवसा. दिवे गेले तर कंदील आणायचा नाही, मेणबत्ती आणायची नाही. समजलं?"

आणि दिवे गेले. पहिल्याच दिवशी, लेप निम्मा चढला असताना. कढई थांबली. ओल्या लेपाच्या गोळ्या थांबल्या की एकमेकींना चिकटतात आणि सगळा घाणा वाया. पूड मोजकीच होती, दुसऱ्यांदा पुरली नसती. मी कढईचा पट्टा काढला आणि हाताने फिरवायला लागले. ॲसिटोनच्या वासाने डोकं गरगरत होतं. खिडक्या सगळ्या उघड्या. बाहेर आभाळ भरून उजेड कमी कमी होत चाललेला, आणि दिवा लावायची सोय नाही. हात भरून आले. तेवढ्यात घोषबाबू आत आले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "सरा पाध्येदी, तुम्ही लेप सोडा. मी फिरवतो." मग आम्ही आळीपाळीने कढई फिरवली. शेवटी शेवटी तर गोळ्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या. कानांनीच ओळखायचं. कोरड्या गोळ्या खळखळतात, ओल्यांचा आवाज दबका येतो. घरी गेले तेव्हा हाताला चमचा धरवत नव्हता. बाबांनी भात कालवून दिला.

पुन्हा बेरियमची गोळी, पुन्हा तेच बाक. या वेळी बर्वेही आले होते. पहिल्या फोटोत जठरात दाणा, शाबूत. दुसऱ्या फोटोच्या वेळी मी बघायला गेलेच नाही. आतून फोटो काढणाऱ्या डॉक्टरांचा आवाज आला, "खुलेछे!"

उघडली. डॉ. सान्याल फिल्म घेऊन धावतच आले. आतड्याच्या सुरुवातीलाच दाण्याच्या जागी पांढरा धुरकट पट्टा, रांगोळी फिसकटल्यासारखा. बर्व्यांनी डॉक्टरांचे हात धरले. मी वसुधाताईंना म्हटलं, "उघडली."

त्यांनी फिल्मकडे बघितलं. "म्हणजे आता मला त्रास होणार."

"हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि बर्व्यांकडे वळून, "अहो, घरी मोरीजवळ एक स्टूल ठेवा. उभं राहवत नाही मला."

त्रास झाला. जठराचा नाही, पण दुसरा पुष्कळ झाला. केस गेले. एकदा ताप आला आणि पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की दोन दिवस डॉक्टर घरी गेले नाहीत. तेव्हा मी देवापुढे बसून काय मागावं तेच मला कळेना. पण मानेवरची गाठ आधी मऊ झाली, मग लहान झाली, आणि एक दिवस वसुधाताईंनी माझं बोट तिथे नेऊन ठेवलं तर बोटाला काही लागलं नाही. पुढे बर्व्यांची नागपूरला बदली झाली. हावड्याला त्यांना पोचवायला मी गेले होते. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, हातात भाकरीचा डबा. "चिवड्यात दाणे कमी घालते मी," असं काहीतरी त्या सांगत होत्या आणि गाडी सुटली.

डॉ. सान्यालांची ती उलटी वस्तू आम्ही दोघांनी नंतर बरीच वर्षं शोधली. आंबटात विरघळणारं एक राळेसारखं द्रव्य मी मिळवलंही. त्याचे दाणे पाडले. बारीक केले, अजून बारीक केले. सुईतून जाईनात. गेले ते शिरेत गुठळी करतील असे. डॉक्टर दर वेळी म्हणत, "अजून थोडं." मग त्यांना हृदयाचा झटका आला आणि ते गेले. मी एकटीने काही दिवस केलं आणि सोडून दिलं. याची खंत आहे. भाचीची मुलगी बोलत होती तेव्हा मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही वाटला.

बर्वे मला आणखी एकदाच भेटले. निवृत्तीच्या आधी बँकेच्या कामासाठी कलकत्त्याला आले होते, मुद्दाम वाट वाकडी करून कारखान्यात आले. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं.

"गेल्या वर्षी गेली," ते म्हणाले. "तेच दुखणं परत उलटलं. पण मधली वर्षं चांगली गेली, पाध्येबाई. मुलीचं लग्न तिने हाताने केलं. नातवाला न्हाऊ घातलं." मग म्हणाले, "एक खोड मात्र तिला शेवटपर्यंत राहिली. औषधं कधीच बंद झाली होती, तरी एखाद्या दिवशी फार बरं वाटलं, भूक लागली, की घाबरायची. ताट समोर घेऊन तशीच बसायची. म्हणायची, अहो, गोळी उघडली नसेल."

मी खाली बघत होते. "मग तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हणायचो, पाध्येबाईंनी फोटोत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. उघडली होती."

"आणि मग?"

"मग जेवायची," बर्वे म्हणाले.